वीतभर तांबं

अकरा

वीज दिसली की मुली मोजायला लागतात. मोठ्याने नाही, ओठांतल्या ओठांत. गडगडाट ऐकू आला की थांबतात. अकरापर्यंत पोचलं तर वीज अजून मांगाच्या कड्यापलीकडे आहे, ती काळजी तिकडच्या चहाच्या मळ्यांची. सात म्हणजे तिने नदी ओलांडली. चारच्या खाली आली की मोजायचं नाही. मोजणारीचा आवाज तिला ओळखू येतो, असं चौथ्या फॉर्मच्या, म्हणजे शेवटच्या इयत्तेच्या, मुली पहिल्या फॉर्मच्या मुलींना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवतात, आणि त्या मोठ्या झाल्या की पुढच्यांना सांगतात.

किसीच्या डोंगराळ मुलखात हे सगळं दुपारीच चालतं. सकाळी ऊन, जेवणानंतर ढग, तीन-साडेतीनला गडगडाट. शाळेच्या वेळापत्रकात ते लिहिलेलं नाही, एवढंच.

लिहिलेला आहे तो स्वेटर. रंग लाल. हा रंग कोणी ठरवला कोण जाणे, ठरवणारा इथला नसावा. लाल रंग विजेला हाका मारतो हे इथे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. म्हणून गडगडाट सुरू झाला की चारशे बारा मुलींचे हात गळ्याशी जातात, स्वेटर डोक्यावरून निघतात आणि बाकाखाली जाऊन पडतात. गणवेशाविना सापडणाऱ्या या मुलींची नावं लिहिणं हे विद्यार्थिनी परिषदेच्या प्रेसिडेंटचं काम. तिचा स्वेटर अर्थातच अंगात असावा लागतो.

यंदाची प्रेसिडेंट न्यामोइता, तिला विजेची भीती वाटत नव्हती असं नाही. नावं लिहिताना ती कमी वाटायची.

तिच्या वहीतलं एक पान:

बुधवार. गडगडाट होताना स्वेटर काढणाऱ्या.
ड्रुसिला, पहिली फॉर्म.
कवांबोका, पहिली फॉर्म. (रडत होती.)
सिबिया, चौथी फॉर्म. (पुन्हा.)
यूनुके, दुसरी फॉर्म. स्वेटर अंगात होता. पण हसली.

हसण्यासाठी शिक्षा नसते. पण वहीत नाव आलं की आलं. चौघींनी शनिवारी सभागृहामागे जाऊन कर्दळीतलं गवत उपटायचं, असं ठरलं. एखादी गोष्ट कुठून सुरू झाली म्हणून कोणी विचारलं तर मी इथे बोट ठेवीन, या शेवटच्या नावावर.

न्यामोइता तिसऱ्या फॉर्ममधली. उंच, शांत, रागावली तरी आवाज न चढवणारी. जानेवारीत निवडणूक झाली ती मैदानात, रांगा लावून. उभ्या राहिलेल्या मुली पुढे, ज्यांना जी हवी त्यांनी तिच्यामागे जाऊन उभं राहायचं, आणि लांब रांगेची जिंकली. यात लपवाछपवी नाही, कोण कुणाच्या पाठीशी आहे ते सगळी शाळा बघते. रांगा लागण्यापूर्वी प्रत्येकीला दोन मिनिटं बोलायला देतात. न्यामोइता एकच वाक्य बोलली होती. "तक्रारपेटीत पडलेली प्रत्येक चिठ्ठी मी शुक्रवारी मोठ्याने वाचीन, ती माझ्याविरुद्ध असली तरी."

तिच्यामागची रांग मैदान संपून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी काकांनी तिला थांबवलं. मोगिरेकाका म्हणजे तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ, शाळेचे पहारेकरी आणि माळीही. वडील गेल्यापासून तिच्यामागे उभे असलेले तेच एक.

"ये आई," ते म्हणाले.

"काका, शाळेत आई म्हणू नका हो. पोरी हसतात."

"हसू देत. नाव माझ्या आईचं घेऊन जन्माला आलीस. तुला नावाने हाक मारली तर जीभ झडेल माझी." मग खिशातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवलं. तांब्याची बांगडी. रुंद, ठोकून वळवलेली, टोकं उघडी, अंगावर हातोडीचे बारीक ठसे. "आमच्या आजोबांच्या हातात असंच होतं. चार गावं त्यांचं ऐकायची. तुझ्यामागे तर काल त्याहून मोठी रांग लागली."

"कुठून आणली?"

"तांबं काय, मिळतं. मुख्य माणसाने असलं विचारायचं नसतं, घालायचं असतं."

शाळेत दागिना चालत नाही. दुसऱ्यांच्या कानातल्या काड्या काढायला लावणारी न्यामोइता ती बांगडी स्वेटरच्या बाहीत लपवून घालू लागली. लाल लोकरीच्या आत, मनगटाला चिकटून. गार लागायची, मग अंगाइतकी गरम व्हायची.

नऊ

पेटीची किल्ली प्रेसिडेंटच्या गळ्यात असते. गुरुवारी चहानंतर पेटी उघडायची, चिठ्ठ्या लावून घ्यायच्या, शुक्रवारी साडेतीनला सभागृहात बराझा, म्हणजे जाहीर सभा. सगळी शाळा खाली, शिक्षक व्यासपीठावर. प्रेसिडेंट वाचणार, उपमुख्याध्यापिका मॅडम मोसोती उत्तर देणार. त्या आठवड्यात तिने वाचलेल्या चिठ्ठ्या अशा:

१. जेवणातल्या घेरीमध्ये मका जास्त आणि घेवडा कमी असतो. घेवडा जातो कुठे?

२. गणिताचे सर फळ्याशी बोलतात. त्यांनी कधीतरी आमच्याशी बोलावं.

३. तिसऱ्या वसतिगृहातला नळ महिनाभर गळतोय. आम्ही त्याला नाव ठेवलं आहे.

४.

५. स्वेटरचा रंग बदलावा. निळा चालेल. कोणताही चालेल.

चौथी जागा मोकळी ठेवणारा मी नव्हे. ती न्यामोइताने ठेवली. वहीतून फाडलेल्या पानावर बारीक, उभ्या अक्षरात लिहिलेलं असं होतं:

सभागृहामागे वीज उतरवायची तांब्याची पट्टी आहे. ती जमिनीपर्यंत पोचत नाही. कर्दळीमागे, खालून वीतभर कापलेली आहे. गवत उपटताना दिसली.

गुरुवारी हे वाचून ती आधी तिथेच गेली. सभागृहाची मागची भिंत कोणी बघायला जात नाही. छताच्या पत्र्यावर टोकदार सळई, तिथून दोन बोटं रुंद पट्टी भिंतीवरून सरळ खाली, ओल्या कर्दळीत. न्यामोइताने पानं बाजूला केली. पट्टी गुडघ्याच्या खाली आल्यावर संपली होती. मातीतून तिचंच दुसरं टोक वर आलेलं, आणि मधे काही नाही. कापलेल्या कडा लालसर, अजून चकचकीत.

तिने बाही वर सरकवली. मनगट त्या मोकळ्या जागेशी नेऊन बांगडी पट्टीच्या कापल्या टोकाला लावली.

रुंदीला रुंदी बसली. जसं काही मोजून घेतलं होतं.

मान वर करून तिने पत्र्याकडे बघितलं. चारशे बारा मुली उद्या या पत्र्याखाली बसणार होत्या. उद्याच काय, दर शुक्रवारी. आणि तिथूनच तिला फाटक दिसलं, फाटकाशी काका दिसले, कुणाच्यातरी सायकलचं पेडल ठोकून देत होते. चिठ्ठी वाचली की मॅडम मोसोती पहिला प्रश्न विचारणार, कापली कोणी? मग पहाऱ्यावर कोण होतं? सांगितलं तर काका संध्याकाळी फाटकाबाहेर. आणि बांगडी कुणाच्या हातात निघाली, हे सगळी शाळा बघणार.

एक आठवडा, ती स्वतःला म्हणाली. मी नीट करवून घेते, मग वाचायलाच नको.

शुक्रवारी तिने तीन वाचली, मग पाच. कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या फॉर्मच्या रांगेत एकीने तेवढी मान वर केली.

बाहेर वीज चमकली. मुलींचे ओठ हलू लागले. नऊ.

सात

"एवढ्याने काय होतं?" काका म्हणाले. शनिवारी ती बांगडी घेऊन त्यांच्या खोपटात गेली होती. "आई, ही पट्टी तीन माणसं उंच आहे. त्यातलं वीतभर. खालचं. वरच्याला मी हात लावला का? वीज वरून येते ना?"

"येते वरून, पण जायचं असतं खाली. मातीत. मधेच सोडली तर ती कुठे जाईल?"

"तिला वाट ठाऊक असते. आमच्या लहानपणी कुठे होत्या पट्ट्या?"

"तुमच्या लहानपणी तुमच्या चुलत्यांच्या घरावर पडली होती. तुम्हीच सांगितलंत."

 काका हसले, पण डोळे हसले नाहीत. "मी म्हटलं शाळेची मुख्य झाली पोरगी. हातात काहीतरी इथलंच असावं. बाजारातलं कोणीही घालतं. चूक झाली. दे इकडे."

बांगडी द्यायला तिने काढली आणि मनगटावर हिरवट वळ दिसला. काकांनी ती दगडावर ठेवून ठोकली. चार घावांत बांगडीची पट्टी झाली. असा आवाज पुन्हा ऐकू नये असं न्यामोइताला वाटलं.

"कशी लावणार?"

"ते माझ्यावर सोड. या शाळेत न मोडलेलं काय आहे? सगळं मीच बांधलेलं आहे."

ते खरंच होतं. पाण्याचा नळ, स्वयंपाकघराचं दार, मुख्याध्यापकांची खुर्ची. आणि हे सगळं त्यांनी एकाच वस्तूने बांधलेलं होतं, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी. रबर ताणायचं, गुंडाळायचं, गाठ मारायची. वर्षानुवर्षं सुटत नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर तिने कर्दळीतून पाहिलं. तुकडा जागेवर होता. वर एक काळी गाठ, खाली एक काळी गाठ. घट्ट. न्यामोइताच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि त्या आठवड्यात तिने स्वेटर काढणाऱ्या सतराजणींची नावं लिहिली.

गुरुवारी पेटीत तेच उभं अक्षर:

पट्टीचा तुकडा परत लावला आहे, पण दोन्ही टोकांना आधी रबर गुंडाळून मग बांधला आहे. तांब्याला तांबं लागत नाही. मधे रबर आहे. रबरातून वीज जात नाही, हे दुसऱ्या फॉर्मला शिकवतात. तिसऱ्या फॉर्मला आठवत असेल.

तिसऱ्या फॉर्मला आठवत होतं. गाठी बघितल्या तेव्हा आठवावंसं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी जेवणाच्या रांगेत तिने यूनुकेला गाठलं. यूनुके म्हणजे हडकुळी, चष्म्याची, ताटात मक्याच्या पिठाची उगाली घेऊन उभी. प्रेसिडेंट जवळ आली की मुली बाजूला होतात. यूनुके झाली नाही.

"चिठ्ठी तू टाकलीस?"

"पेटीत नाव लिहायचं नसतं, प्रेसिडेंट."

"तुझं अक्षर ओळखते मी."

"मग वाचताही येत असेल."

मागच्या दोघी फुसकन हसल्या. न्यामोइताने आवाज आणखी खाली आणला. "मॅडमना जाऊन सरळ सांगत का नाहीस?"

"सांगितलं. मागच्या आठवड्यात, सोमवारी. मॅडम म्हणाल्या, पेटी कशाला ठेवली आहे? एकेकीने उठून माझ्याकडे यायला लागलात तर परिषद कशाला?" यूनुकेने उगालीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "म्हणून पेटीत टाकली. पेटीतून ती तुझ्याकडे जाते. पुढे कुठे जाते ते तू सांग."

"दुरुस्त होईल. मी बघते आहे."

"तुझ्यामागे रांगेत उभी होते मी. माझ्या वर्गातल्या सगळ्याजणी सिबियामागे गेल्या. मला म्हणाल्या, ही पहारेकऱ्याची पुतणी, हिला कोण विचारतंय. मी म्हटलं, ही वाचेल." तिने चष्मा वर सरकवला. "भाजी गार होतेय. जाऊ?"

त्या शुक्रवारी न्यामोइताने आठ चिठ्ठ्या वाचल्या. पेटीत नऊ होत्या. पाचवी वाचून होते तोच खिडक्या पांढऱ्या झाल्या. पहिल्या फॉर्मच्या मुलींचे हात गळ्याशी गेले. "स्वेटर," मॅडम मोसोती बसल्या जागेवरून म्हणाल्या, आणि हात खाली आले. सात.

त्यानंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. तिने काकांना रबर काढायला सांगितलं. ते म्हणाले, काढतो, बांधायची तार आणायला हवी, बाजार बुधवारी. बुधवारी मुख्याध्यापकांनी त्यांना पाहुण्यांसाठी फाटक रंगवायला लावलं. गुरुवारी रंग वाळेना. कुणी मुद्दाम काही केलं नाही. कामं होती. आणि दर दुपारी ढग मांगावरून निघून नदीपर्यंत येत, थांबत आणि परत जात, जणू घर कोणतं ते विचारत फिरताहेत.

चार

तिसऱ्या गुरुवारची चिठ्ठी:

हे मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. उद्या मी सभागृहात बसणार नाही. शिक्षा मान्य आहे. वर्गांच्या इमारतीची पट्टी धड आहे, मी बघून आले.

बराझाला गैरहजर राहणं ही साधी गोष्ट नाही. तसं आजवर कोणी केलेलं नव्हतं. शुक्रवारी साडेतीनला सभागृह भरलं. दारात मात्र यूनुके उभी, उंबऱ्याच्या बाहेर, वळचणीखाली. पाऊस अजून नव्हता. हवा अशी की कपडे अंगाला चिकटावेत. साडेतीन वाजल्यासारखा उजेडच नव्हता, सगळं जांभळं, सावल्या नसलेलं.

"प्रेसिडेंट," मॅडम मोसोती म्हणाल्या, "ती मुलगी बाहेर का आहे? आत आणा."

न्यामोइता व्यासपीठावरून उतरली आणि रांगांमधून दाराकडे चालत गेली. चारशे दहा डोकी तिच्याबरोबर वळली. दारापाशी, आतल्या बाजूला, काका उभे होते. पाऊस आला की खिडक्यांची दारं लावायची म्हणून शुक्रवारी ते तिथे असतात. त्यांनी रबरी कोट घातला होता, खिशातून पक्कड आणि तारेचं नवं भेंडोळं डोकावत होतं.

"आज आणली," ते हळूच म्हणाले. "हे सुटलं की लगेच लावतो, आई."

"आत ये," न्यामोइता यूनुकेला म्हणाली.

"नाही."

"माझी वही उघडायला लावू नकोस."

"लिही की. स्वेटर अंगात आहे, हसतही नाहीये. काय लिहिशील?"

न्यामोइताने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं तिथे हट्ट असेल. तिथे भीती होती. हनुवटी थरथरत होती, आणि ती थरथर लपवायला यूनुकेने दात आवळले होते. ही मुलगी गेले दोन शुक्रवार त्या पत्र्याखाली येऊन बसली होती. माहीत असून. प्रेसिडेंट वाचेल म्हणून.

मागे सबंध मैदान पांढरंफटक झालं.

एक. दोन. तीन. चा...

पत्रा थरथरला. पहिल्या फॉर्ममध्ये कोणीतरी हुंदका दिला. आणि मग ते झालं: न बोलता, कुणीही न सांगता, चारशे स्वेटर एकदम डोक्यावरून निघाले. लोकरीचा तो आवाज, मोठा कळप उठताना होतो तसा.

"स्वेटर," मॅडम मोसोती उठून उभ्या राहिल्या. "स्वेटर घाला. प्रेसिडेंट, नावं लिहा."

न्यामोइता परत व्यासपीठावर गेली. वही उघडली. तिच्यात घड्या घातलेली तीन पानं होती. तिने ती उलगडून एकावर एक ठेवली.

"मी आधी चिठ्ठ्या वाचते, मॅडम."

"आधी नावं."

"ही चिठ्ठी दोन आठवड्यांपूर्वीची आहे," न्यामोइता म्हणाली. तिचा आवाज नेहमीएवढाच होता, म्हणून सगळे गप्प झाले. "मी वाचली नव्हती. सभागृहामागे वीज उतरवायची तांब्याची पट्टी आहे. ती जमिनीपर्यंत पोचत नाही."

तिने तिन्ही वाचल्या. शेवटची संपेपर्यंत कोणी हललं नाही. भौतिकशास्त्राचे सर पहिल्यांदा हलले. त्यांनी छताकडे पाहिलं.

"कापली कोणी?" मॅडम मोसोतींनी विचारलं.

हाच तो प्रश्न. दोन आठवडे ती याच्यापासून पळत होती, आणि आता समोर आला तर लहान वाटला. तिने बाही वर केली. मनगटावरचा हिरवट वळ अजून गेला नव्हता.

"माझ्या काकांनी. मी निवडून आले म्हणून मला बांगडी केली. मला माहीत झाल्यावर मी लपवलं. ते लपवणं माझं, त्यांचं नाही."

डोकी पुन्हा वळली, दाराकडे. मोगिरेकाकांनी टोपी काढली. सगळ्या शाळेसमोर, भरल्या सभेत, ते म्हणाले, "आई सांगते ते खरं आहे."

कोणीतरी हसलं. त्या पहारेकऱ्याने सोळा वर्षांच्या मुलीला आई म्हटलं म्हणून, किंवा भीतीने. हसू पुढे गेलं नाही.

एक

सर मॅडमच्या कानाशी बोलत होते. मॅडम मोसोती मान हलवत होत्या, आधी नाही अशी, मग हो अशी. त्यांनी न्यामोइताकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते कळायला वेळ नव्हता. "बाहेर काढ त्यांना," त्या म्हणाल्या. "तुझं ऐकतील."

ऐकतील का? कापलेल्या पट्टीची मालकीण ती. पळा म्हटलं असतं तर एका दारात चारशे मुली अडकल्या असत्या. न्यामोइता रांगांमधून चालत दारापाशी गेली, पाठ त्यांच्याकडे केली आणि म्हणाली, "माझ्यामागे रांग लावा. जानेवारीत लावली होती तशी."

 मग यूनुके उंबरा ओलांडून आत आली आणि तिच्यामागे उभी राहिली. तिच्यामागे सिबिया. तिच्यामागे ड्रुसिला, स्वेटर काखेत. मग बाकं सरकल्याचा आवाज, आणि रांग वाढत गेली.

सभागृह ते वर्गांची इमारत, साठ पावलं. पाऊस सुरू झाला होता, टपोरे, विरळ थेंब. न्यामोइता पळाली नाही. पळाली असती तर मागच्या पळाल्या असत्या. ती चालली, आणि चालताना मधेच एकदा सगळं मैदान उजळलं. गवताचं पातंन् पातं दिसलं. मोजायचं नाही, चारच्या आत मोजायचं नाही. तिच्या ओठांनी तरी मोजलं. एक. बस, एवढंच. आवाज डोक्यावर नाही, पोटात झाला.

मुली व्हरांड्यात शिरत राहिल्या. ओल्या, थरथरत, एकमेकींना धरून. न्यामोइता दारात उभी राहून प्रत्येकीच्या खांद्याला हात लावत मोजत होती. हे मोजणं वेगळं होतं. दोनशे सहा. दोनशे सात. पहिल्या फॉर्मची एक मुलगी तिच्या कमरेला बिलगली, तिला सोडवून आत ढकललं. तीनशे नव्वद. शेवटी मॅडम मोसोती आल्या, बूट हातात.

"किती?"

"मला धरून चारशे बारा, मॅडम."

"सगळ्या?"

"सगळ्या."

मॅडमनी डोळे मिटले. मग उघडले. "उद्या माझ्या खोलीत ये," त्या म्हणाल्या, पण त्यांचा हात तिच्या ओल्या केसांवर होता.

न्यामोइता भिंतीला टेकली.  काका, तिच्या मनात आलं. खोपटात जाऊन सामान बांधत असतील. संध्याकाळी त्यांच्याकडे जायचं. काय म्हणायचं ते तेव्हा सुचेल. ते आई म्हणतील, आणि मग काय ते सुचेल.

यूनुके खिडकीशी उभी होती. चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवून ती बाहेर बघत होती.

"तुझे काका कुठे गेले?"

"फाटकाकडे. सामान..."

"फाटक इकडे आहे." यूनुके वळली नाही. "आपण निघालो तेव्हा ते तिकडच्या बाजूने गेले. सभागृहामागे. हातात पक्कड होती आणि तार."

न्यामोइता खिडकीशी आली. पावसातून सभागृहाचा पत्रा दिसत होता, पत्र्यावरची सळई दिसत होती. मागची भिंत दिसत नव्हती. कर्दळीची पानं तेवढी कोपऱ्यातून डोकावत होती, आणि वाऱ्याने हलावीत तशी ती हलत नव्हती. कोणीतरी गुडघ्यावर बसून काम करत असावं, घाईघाईने, दोन्ही हातांनी, तशी हलत होती.

तिने खिडकी उघडली. हाक मारायला तोंड उघडलं. त्यांना तिने कधी नावाने हाक मारली नव्हती.

उजेड आणि आवाज बरोबरच आले. मोजायला मधे काही उरलंच नव्हतं.

मग पुष्कळ वेळ नुसता पाऊस. पत्र्यावर धूर होता का वाफ, ते इतक्या लांबून कळेना. कर्दळ हलायची थांबली होती. व्हरांड्यात मुली एकमेकींना विचारत होत्या, आपण सगळ्या आहोत ना? आहोत ना सगळ्या? मॅडम मोसोतींनी न्यामोइताची वही मागून घेतली आणि मागच्या पानांवरच्या शाळेच्या यादीतून नावं वाचायला सुरुवात केली, एकेक. प्रत्येक नावाला उत्तर आलं. ड्रुसिला. आहे. कवांबोका. आहे. सिबिया. आहे. यूनुके. आहे.

चारशे बारा नावांची यादी, आणि आतापर्यंत एकही गैरहजर नाही. पहारेकऱ्याचं नाव कोणत्याच यादीत नव्हतं. न्यामोइता खिडकीतून बाहेर पडून पावसात धावत सुटली तेव्हा तिचं नाव अजून पुकारायचं होतं.